आधी पाण्याचे पंचांग, मग बोट

धुळे–सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्याहून सहकुटुंब एक दिवस पाण्यावर घालवायचा म्हटले, तर समुद्र लांब आणि जवळचे पाणी धरणांचे. पालीजवळचा बिंदुसरा, सिंदफणेवरचे माजलगाव, धनेगावचा मांजरा आणि आणखी पुढे गेले तर पैठणचा नाथसागर. बेटावरचे रिसॉर्ट, सकाळी कयाक, दुपारी स्पीडबोट आणि उन्हे कलली की पक्षी, असा दिवस आता पर्यटनाच्या नकाशावर रुळला आहे. कोयनेच्या शिवसागरावर मुनावळे येथे राज्य सरकारने २०२४ मध्ये जलक्रीडा केंद्र सुरू केले. मग मराठवाड्याने पाण्याकडे फक्त टँकर आणि पाळी यांच्याच हिशेबात का पाहावे? दुष्काळी मुलखातल्या मुलांनाही पाण्यात खेळण्याचा आनंद मिळायला हवा, हे मला मनापासून मान्य आहे. मात्र बोट आणि पक्षी एकाच जलाशयावर नांदायचे असतील, तर वेळापत्रक पर्यटकांच्या सुट्टीवरून ठरवून चालणार नाही. ते त्या पाण्याच्या चढउतारावरून ठरवावे लागेल.

हा चढउतार वर्षानुवर्षे ठरलेला आहे. आपली धरणे भाद्रपद-आश्विनापर्यंत भरतात. पुढे पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी सुटते, पातळी उतरते आणि काठाची सपाट जमीन हळूहळू उघडी पडते. तो चिखल पक्ष्यांचे ताट आहे. त्यात किडे, शंख-शिंपले, पाणवनस्पतींचे कंद असतात. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब हजारो किलोमीटर उडून येतात ते या उथळ पाण्यासाठी. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी पाहायला गर्दी होते. धरण तुडुंब असेल, तर उथळ जागा बुडालेल्या राहतात आणि रोहित उशिरा येतात. म्हणजे पक्ष्यांना खोल पाणी नको असते, आणि वेगवान बोटीला उथळ पाणी चालत नाही. दोघांच्या गरजा निसर्गतःच वेगळ्या आहेत. भांडण होते ते माणूस बोट मुद्दाम पक्ष्यांच्या जवळ नेतो तेव्हा. फोटोसाठी थवा उडवला की पक्ष्याची शक्ती खर्च होते आणि चरण्याचा वेळही जातो. दूरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवणाऱ्या जिवाला हे परवडत नाही. यात बिनइंजिनची बोटही निर्दोष नाही. कयाक आवाज करत नाही, पण नेमकी उथळ पाण्यात, थव्याच्या अगदी जवळ शिरू शकते.

बेटांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाणी उतरले की जलाशयातले उंचवटे बेटे होऊन वर येतात. चारही बाजूंनी पाणी असल्याने कुत्री-कोल्हे तेथे सहसा पोचत नाहीत, म्हणून नदी सुरय हे पक्षी तेथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. कर्नाटकात भद्रा जलाशयाकाठी सरकारी कंपनीने चालवलेल्या निवासस्थानाला या पक्ष्याचेच नाव दिले आहे. तेथे जलक्रीडा आहेत आणि उन्हाळ्यात बेटांवर भरणारी सुरयांची वसाहत पर्यटक बोटीतून पाहतात. खेळ आणि वन्यजीव एका दिवसात बसू शकतात, याचा हा चांगला दाखला आहे. मात्र माणसे बेटावर उतरली, तर पक्षी उडतात, अंडी भर उन्हात उघडी पडतात आणि कावळे-घारींचे फावते. मातीच्या रंगाची ती अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत. म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत कोणत्याही बेटावर उतरणे बंद ठेवावे, आणि कायमचे बांधकाम करायचेच असेल तर ते काठावर करावे.

यावर पहिला आक्षेप असा की, धरणे माणसाने बांधली, मग तेथे निसर्गाचा हक्क कसला? जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि दहाच वर्षांत, १९८६ मध्ये, त्याचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाणी कोणी अडवले हे पक्षी पाहत नाहीत. अभयारण्यात स्पीडबोट नकोच. बाकीच्या जलाशयांवर मात्र भिंतीपासून सुरक्षित अंतरावरचे खोल पाणी खेळाला आणि फुगवट्याचा उथळ भाग पक्ष्यांना, अशी वाटणी करता येईल. दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो वजनदार आहे. पण भिगवण परिसरात स्थानिक मच्छीमारच बोटीतून पक्षी दाखवून कमाई करतात. पक्षी निघून गेले, तर त्यांचाही हंगाम जातो. नियम पाळण्यात सर्वांत मोठा फायदा गावाचाच आहे.

तिसरा आक्षेप खास बीडचा आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मग त्यांनी पाण्यावर जायचे कधी? उन्हाळ्यात पाणी आटलेले असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून बारमाही जलक्रीडेचे बेत आखता येणार नाहीत. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचे वादळ अचानक उठते. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान अशाच वादळात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. या सगळ्याचे उत्तर पाण्याच्या पंचांगातच आहे. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत ऊसतोड कामगार घरी असतात, धरण भरत आलेले असते, बेटांवरची वीण संपलेली असते आणि परदेशी पाहुणे अजून यायचे असतात. खेळासाठी याहून चांगला काळ नाही. दरवाजे उघडून विसर्ग सुरू असेल, तेव्हा मात्र बोट पाण्यात उतरवायची नाही. हिवाळा काठावरून, दुर्बिणीने पक्षी पाहण्याचा. उन्हाळ्यात पाण्याला विश्रांती द्यावी आणि पहाटे पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात मोर पाहावेत.

बिंदुसरा आणि माजलगावचे पाणी बीडच्या नळाला येते. त्यामुळे तेल गळणारे इंजिन आणि काठावरचे सांडपाणी हा शहराच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो. तेव्हा पाटबंधारे खाते, वनविभाग, मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून प्रत्येक जलाशयाचा महिनावार तक्ता करावा: कोणता भाग खेळाला, कोणता पक्ष्यांना, केव्हा सर्व बंद. तो धक्क्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लावावा. लाइफजॅकेट घातल्याशिवाय कोणालाही बोटीत पाऊल ठेवू देऊ नये, लहान मुलांसाठी त्यांच्या मापाची जॅकेटे असावीत. सहलीला निघालेल्या आईवडिलांनीही तिकिटाचा दर विचारण्याआधी हा तक्ता विचारावा. गिऱ्हाईकच नियम मागू लागले, की ते पाळणे व्यावसायिकालाही फायद्याचे ठरते.