सीसॅटचे 66 गुण : ऐंशी प्रश्नांतले आपले तीस कसे शोधायचे?

(एपिसोडची लिखित प्रत. बोलण्यातलं जिथल्या तिथे ठेवलंय, फक्त वाचताना अडखळू नये म्हणून थोडं आवरलंय. उदाहरणं सोडवायला कागद-पेन जवळ घ्या.)



आजचा विषय मागच्या आठवड्यात आलेल्या एका व्हॉइस नोटमुळे घेतोय. गडचिरोली जिल्ह्यातली एक मैत्रीण आहे, नाव सांगत नाही. ती म्हणाली, "दादा, जीएसचा पेपर मस्त गेला होता. कटऑफच्या वरच होती मी. पण सीसॅटमध्ये गेली. उत्तरतालिकेवरून मोजलं तर 28 बरोबर, 7 चूक. तुम्हीच सांगा, एवढ्यात कसं काय नापास?"

चला, हिशेब मांडू. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर म्हणजे सीसॅट. 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. एका बरोबर उत्तराला 2.5 गुण. एका चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा, म्हणजे 0.625 गुण वजा. 2022 मध्ये आयोगाने हा पेपर फक्त पात्रतेपुरता ठेवायचा निर्णय घेतला. आता त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळालेच पाहिजेत. यूपीएससीने हेच 2015 मध्ये केलं होतं.

28 बरोबर म्हणजे 70 गुण. 7 चूक म्हणजे 4.375 वजा. उरले 65.625.

66 ला किती कमी पडले? 0.375. आता बघा, त्या सातपैकी एकच प्रश्न तिने कोरा सोडला असता तर वजा झाले असते 3.75 आणि गुण झाले असते 66.25. पास! म्हणजे एक प्रश्न आला नाही म्हणून ती थांबली नाही. एक प्रश्न सोडला नाही म्हणून थांबली. आणि जीएसची सगळी मेहनत, पूर्ण वर्ष, तिथेच अडकलं.

2023 पासून तर राज्यसेवेसोबत महाराष्ट्र वन सेवेचीही पूर्व परीक्षा एकत्रच होते. म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या पोरापोरींना वनक्षेत्रपाल व्हायचंय, जंगल ज्यांना पायाखालचं आहे, त्यांनाही ह्याच 66 मधून जावं लागतं.

म्हणून आज शॉर्टकट ट्रिक सांगणार नाही. आज एकच गोष्ट: सीसॅट हा माहितीचा पेपर नाही, निवडीचा आहे. काय धरायचं आणि काय सोडायचं, प्रश्नाच्या आतही आणि पेपरमध्येही.

पहिली सवय : जे दिलंय तेच खरं

जीएसमध्ये जितकं जास्त माहीत तितकं चांगलं. सीसॅटमध्ये कधी कधी उलटं होतं. हे उदाहरण बघा.

विधान एक: सर्व बांबू झाडे आहेत.
विधान दोन: सर्व झाडांना दरवर्षी फळे येतात.
निष्कर्ष: सर्व बांबूंना दरवर्षी फळे येतात.

निष्कर्ष निघतो की नाही?

आपल्याकडच्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, "काहीच्या काही! बांबू तर गवत आहे, आणि तो फुलतो कितीतरी वर्षांतून एकदा." अगदी बरोबर. गंमत म्हणजे 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूही होता. तो 2017 च्या दुरुस्तीने काढला. हे सगळं जीएसमध्ये कामाचं. पण इथे प्रश्न असा आहे की दिलेली विधानं खरी मानली तर निष्कर्ष निघतो का? निघतो. बांबूचं वर्तुळ झाडांच्या वर्तुळात, झाडांचं वर्तुळ फळवाल्यांच्या वर्तुळात. मग बांबू फळवाल्यांच्या आत आलाच. उत्तर: हो.

आता दुसरं.

विधान एक: सर्व मोहफुले वनोपज आहेत.
विधान दोन: काही वनोपज बाजारात विकले जाते.
निष्कर्ष: काही मोहफुले बाजारात विकली जातात.

तुम्ही म्हणाल, "विकली जातातच की! आमच्या घरी दरवर्षी विकतो." खरं आहे. पण निष्कर्ष निघतो का? नाही. विकलं जाणारं 'काही वनोपज' म्हणजे फक्त तेंदूपत्ता आणि हिरडाही असू शकतो. त्या 'काही'मध्ये मोह आहेच, असं विधानात कुठेही लिहिलेलं नाही.

पहिला निष्कर्ष जगात खोटा, तरी निघतो. दुसरा जगात खरा, तरी निघत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला की विधान-निष्कर्षाचे प्रश्न तुमचे झाले. एक खूण लक्षात ठेवा. वर्तुळं काढताना निष्कर्ष चुकीचा ठरेल असं एक तरी चित्र काढता येतं का ते बघा. एक जरी निघालं तरी निष्कर्ष बाद.

नात्यांच्या प्रश्नांनाही हेच लागू. "फोटोकडे बोट दाखवून एक मुलगी म्हणते, ह्याच्या आईचा एकुलता एक भाऊ म्हणजे माझे वडील." तो तिचा कोण? शेवटून चला. तिचे वडील हे त्याचे मामा. म्हणजे त्याची आई तिची आत्या. तो आतेभाऊ. आता आपल्याकडे कित्येक घरांत आतेभावाशी लग्न होतं, म्हणून 'होणारा नवरा' असा पर्याय बघून हसू नका आणि त्यावर टिकही करू नका. प्रश्नात जेवढं दिलंय तेवढंच नातं. मराठीत आत्या, मावशी, मामी, काकू ह्यांना वेगवेगळे शब्द आहेत, हा आपला फायदा. म्हणून असा प्रश्न मराठीतच वाचा.

दुसरी सवय : उताऱ्यात शोधा, डोक्यात नाही

ह्या पेपरमध्ये अर्ध्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवर असतात. म्हणजे आपले तीस मुख्यतः इथूनच यायचे. आणि इथेच जाणकार लोक फसतात. एक छोटा उतारा मीच तयार केलाय, ऐका:

"सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेला गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार मिळतो. पण अधिकार कागदावर असणे आणि बाजारात त्याचा भाव मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे ग्रामसभा स्वतः हिशेब ठेवायला शिकली, तिथे हे अंतर कमी झाले."

प्रश्न: उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?

1) मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला.
2) हक्काचा प्रत्यक्ष लाभ मिळण्यासाठी ग्रामसभेची स्वतःची क्षमता महत्त्वाची ठरते.
3) वनहक्क मिळालेल्या सर्व ग्रामसभांना चांगला भाव मिळतो.
4) वनहक्क कायद्याचा गावांना काहीही उपयोग झालेला नाही.

पहिला पर्याय खरा आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आपल्या सगळ्यांना माहीत, अभिमानाची गोष्ट. म्हणूनच हात तिकडे जातो. पण उताऱ्यात मेंढ्याचं नावसुद्धा नाही. बाद. तिसऱ्यात 'सर्व', चौथ्यात 'काहीही नाही'. उतारा एवढं टोकाचं बोलत नाही. दोन्ही बाद. उरला दुसरा.

बघा, इथे बरोबर उत्तर शोधलं नाही, तीन चुकीची खोडली. प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: "हे उताऱ्याच्या कोणत्या ओळीत आहे?" ओळीवर बोट ठेवता आलं नाही तर खोडा. 'सर्व', 'फक्त', 'कधीच', 'नेहमीच' हे शब्द दिसले की थांबा आणि उताऱ्यातही तेवढंच जोरात म्हटलंय का ते तपासा.

ज्यांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, त्यांच्यासाठी एक शब्द. तुमच्यासाठी पेपरची मराठीही शिकलेली भाषा आहे. वाचायला वेळ लागतो म्हणजे डोकं कमी आहे असं अजिबात नाही. उपाय एकच: रोज एक वर्तमानपत्री अग्रलेख, आणि वाचून झाल्यावर त्याचा मुद्दा एका वाक्यात वहीत. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. काय शोधायचंय ते माहीत असलं की वाचन आपोआप वेगाने होतं.

तिसरी सवय : सूत्राआधी वस्तू

गणित म्हटलं की बरेच जण पान उलटतात. कला शाखेचे तर विशेष. पण ह्यातलं बरंच गणित तुम्ही उन्हाळ्यात फळीवर केलेलं आहे. तेंदूपत्त्याचा एक पुडा म्हणजे 70 पानं, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत 70,000 पानं. हा गुणाकार केला ना? मग घाबरता कशाला?

प्रश्न: एक काम आई एकटी 10 तासांत करते, मुलगी एकटी 15 तासांत. दोघी मिळून किती वेळात करतील?

पुस्तकात अपूर्णांक असतात, एक भागिले दहा अधिक एक भागिले पंधरा. सोडा ते. काम म्हणजे पुडे बांधणं समजा. किती पुडे? जो आकडा 10 ने आणि 15 ने दोन्हींनी भाग जाईल तो घ्या. 300 घेऊ. आई तासाला 30 बांधते, मुलगी 20. दोघी मिळून 50. मग 300 ला 6 तास. झालं.

आता परीक्षेवाले वळण देतात: दोन तासांनी मुलगी उठून गेली, उरलेलं आईने केलं, तर एकूण वेळ किती? दोन तासांत 100 झाले. राहिले 200. आई एकटी 30 च्या वेगाने, म्हणजे 6 तास 40 मिनिटं. एकूण 8 तास 40 मिनिटं. सूत्र पाठ असणारा इथे अडकतो, पुडे मोजणारा अडकत नाही.

टक्केवारीतही तेच. भाव 20 टक्के वाढला, मग 20 टक्के उतरला. जागेवर आला का? 100 रुपये धरा. 120 झाले. आता 20 टक्के 120 चे, म्हणजे 24. उरले 96. चार रुपये गेले. 'टक्के कशाचे?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

चौथी सवय : सोडायला शिका

आता परत आपल्या मैत्रिणीकडे. 30 बरोबर आले तर 75 गुण. त्यात 14 चुका झाल्या तरी 66.25 उरतात. म्हणून लक्ष्य ठेवा: 30 पक्के. ऐंशी नाही.

एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. पहिल्या फेरीत, साधारण 75 मिनिटं, सोपे उतारे आणि वाचताच वाट दिसणारे प्रश्न. एका प्रश्नावर दोन मिनिटं झाली आणि वाट दिसली नाही, तर गोल करा आणि पुढे चला. तो प्रश्न तुमचा शत्रू नाही, दुसऱ्याचा प्रश्न आहे. दुसरी फेरी 35 मिनिटांची, गोल केलेल्यांसाठी. शेवटची 10 मिनिटं उत्तरपत्रिका तपासायला.

अंदाज लावायचा का? हिशेब करू. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर चारपैकी एकदा 2.5 मिळतात, तीनदा 0.625 जातात. सरासरी फायदा एका प्रश्नामागे 0.16 च्या आसपास. यूपीएससीत तर चुकीला एक तृतीयांश गुण जातात, म्हणून तिथे आंधळ्या अंदाजाचा सरासरी फायदा शून्य. दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर मात्र तोच फायदा 0.94 होतो. म्हणून नियम सोपा: दोन खोडले तर लावा, एकही खोडता येत नसेल तर सोडा. तीस पक्के झाले असतील तर जुगार खेळायचं कारणच नाही.

आणि सराव?

आयोगाच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका फुकट आहेत. रेंज असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा व्हिडिओच्या भरवशावर राहू नका. पेपर कागदावर सोडवा, घड्याळ लावून, सकाळी नाही तर दुपारी, जेवल्यानंतर झोप येते त्या वेळी. कारण दिवसाचा दुसरा पेपर तेव्हाच असतो.

सोडवून झाल्यावर फक्त गुण मोजू नका. वहीत तीन रकाने करा: येत होतं पण चुकलं, येत नव्हतं तरी लावलं, येत होतं पण वेळ पुरला नाही. चार पेपर झाले की तुमचा रोग कोणता ते वही सांगेल. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, कुठेही बुद्धिमत्ता चाचणी आली की हीच वही कामाला येईल.

त्या मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, "ताई, तू नापास झाली नाहीस, तू एक प्रश्न जास्त सोडवलास." ती हसली आणि म्हणाली, "यावेळी सोडून देईन दादा."

तुमचे तीन रकाने भरले की कोणता सगळ्यात लांब झाला ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. तोवर वर्तुळं काढत राहा. भेटू!