माळ्यावरची हिट परेड

वॉकमन झाला, आयपॉड झाला, आता स्ट्रीमिंगही झालं. पण गावाकडच्या माळ्यावरची एक गंजकी पेटी अजून कुणी उघडलेली नाही. मोर्शी-अमरावतीच्या वाटेवर सिनेमाच्या जुन्या रेकॉर्ड्स शोधायला निघालेल्यांसाठी एक झक्कास गाइड...

तुमच्या मोबाइलमध्ये किती गाणी आहेत? मोजायचा प्रश्नच नाही, सगळीच आहेत! आता दुसरा प्रश्न. त्यातली तुमच्या मालकीची किती? सबस्क्रिप्शन संपलं की प्लेलिस्ट गुल. म्हणूनच असेल कदाचित, पण पुण्या-मुंबईच्या क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या बऱ्याच मंडळींना सध्या एक जुनाच किडा चावलाय. सिनेमाच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवण्याचा. हातात धरता येणारं, दिव्याखाली तिरकं करून न्याहाळता येणारं आणि एक बाजू संपली की उठून उलटवावं लागणारं गाणं! रिमोट नाही, शफल नाही. कव्हर हातात घेऊन बसायचं आणि ऐकायचं.

मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट आणि पुण्यात जुना बाजार, हे या छंदाचे नेहमीचे अड्डे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा अनेकांना घरचंच कुणी गेल्यासारखं वाटलं. पण या अड्ड्यांवर आता गर्दीही फार आणि भावही चढे. मग खरा माल कुठे? तर अनेकदा आपल्याच गावी. वऱ्हाडातली पोरं शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडली आणि रेकॉर्ड्स माळ्यावर राहिल्या. त्यामुळे दिवाळीला घरी जाताय ना? मग बॅगेत थोडी जागा ठेवा!

संत्र्यांच्या गावात सिनेमा

मोर्शी म्हटलं की आठवतात संत्री. फार तर सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आणि सालबर्डीचा महादेव. इथे सिनेमाच्या रेकॉर्ड्सचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा आपल्या शाळेतल्या नकाशापेक्षा वेगळा असतो. राज्यं बदलली, जुना मध्यप्रांत-वऱ्हाड इतिहासजमा झाला, तरी फिल्मवाल्यांच्या हिशेबात ‘सी. पी. बेरार’ हे सर्किट तसंच राहिलं. वितरकांची संघटना भुसावळला, आणि वितरकांच्या कचेऱ्यांचं एक मोठं गाव म्हणजे आपलं अमरावती! फिल्मचे डबे इथून तालुक्या-तालुक्यात जायचे. सिनेमाने या शहराला चौकांची नावंसुद्धा दिली. राजकमल चौक, चित्रा चौक, श्याम चौक... ऑटोवाल्याला आजही टॉकीजचंच नाव सांगावं लागतं.

सिनेमाच्या मागोमाग आली त्याची गाणी. गावात रेकॉर्ड्स असायच्या त्या तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे टॉकीज. शो सुरू व्हायच्या आधी आणि इंटरव्हलला रेकॉर्ड वाजायची. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाला तर बाहेर वाजणारी रेकॉर्ड हीच जाहिरात. दुसरं, लाउडस्पीकरवाला. लग्न म्हटलं की कडुनिंबावर भोंगा बांधलेला आणि खाली पेटीत रेकॉर्ड्सची चळत. कोणत्या पंगतीला कोणतं गाणं लावायचं, हे ठरवणारा तो गावातला पहिला डीजे! आणि तिसरं ठिकाण म्हणजे हौशी घरं. दुकानदार, मास्तर, बागायतदार. मृग बहार चांगला गेला की घरात एखादी चैनीची वस्तू यायची, तशी काही घरांत ग्रामोफोनची पेटी आली.

वीज नसली तरी या पेटीचं काही अडायचं नाही. चावी भरा, सुई टेकवा, गाणं सुरू. म्हणूनच पाश्चात्त्य देशांनी ७८ आरपीएमच्या जड रेकॉर्ड्स १९६० च्या सुमारास बंद केल्या, तरी आपल्याकडे त्या पुढेही काही वर्षं निघत राहिल्या. किती पुढे? तर चक्क बीटल्सची गाणी भारतात ७८ वर निघाली! आज जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. तेव्हा आजोबांच्या पेटीतलं काहीही न बघता फेकू नका, काय सांगावं!

पहिला मान प्रभातचा

‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ हा शब्द हॉलीवूडचा वाटतो ना? आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात मराठी माणसाने केली असं मानलं जातं. प्रभातचा ‘सैरंध्री’, साल १९३३. व्ही. शांताराम हा सिनेमा रंगीत करून आणायला जर्मनीला गेले. रंग काही मनासारखे उतरले नाहीत, पण त्या खेपेत एक वेगळीच कमाई झाली. सिनेमातल्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स तिथेच तयार झाल्या. म्हणजे पडद्यावर ऐकलेलं गाणं तसंच्या तसं घरी!

त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्याच्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स निघाल्याच नाहीत आणि सिनेमाची प्रिंटही उरलेली नाही. म्हणजे भारतीय सिनेमाचं पहिलं गाणं कसं वाजत होतं, हे आज कुणालाच ऐकता येत नाही. कायमचं म्यूट!

रेकॉर्डवरच्या लेबलचीही एक मजा असते. ‘महल’ (१९४९) मधलं लताबाईंचं गाजलेलं गाणं घ्या. तेव्हाच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! प्लेबॅक सिंगरचं नाव छापायची पद्धत तोवर पक्की झालेली नव्हती. तुमचं ॲप हे तुम्हाला सांगणार नाही, लेबल सांगतं.

गब्बर झाला सुपरहिट

आता सत्तरचं दशक. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ आला. पॉलिडॉर कंपनीने गाण्यांची रेकॉर्ड काढली होतीच. पण लोक थिएटरमधून बाहेर पडताना डायलॉग म्हणत होते. मग कंपनीने डायलॉगचीच एलपी काढली आणि ती तुफान खपली. गणपतीचा मांडव असो की पानठेला, गब्बर सगळीकडे! घरी व्हिडिओ नव्हता, टीव्ही गावापर्यंत पोचला नव्हता. सिनेमा पुन्हा ‘बघायचा’ तर तो कानांनीच. आज ही एलपी बऱ्यापैकी सापडते, पण बहुतेक वेळा घासून घासून पांढरी पडलेली. वाजवलीच तेवढी होती!

मराठी सिनेमाच्या रेकॉर्ड्स मात्र मुळातच कमी निघायच्या, कारण बाजार लहान. त्यामुळे ‘पिंजरा’ (१९७२), ‘जैत रे जैत’ (१९७७) किंवा ‘सिंहासन’ (१९७९) यांची चांगल्या कव्हरची रेकॉर्ड दिसली की सोडायची नाही. ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ (१९८२) या दोन्हींत सुरेश भटांचे शब्द आहेत, आणि भटसाहेब जन्माने अमरावतीचे. म्हणजे ही तर घरचीच वस्तू.

आणखी एक घरचं नाव, विजय पाटील. ओळखलं नाही? संगीतकार राम-लक्ष्मण या जोडीतले ‘लक्ष्मण’, नागपूरचे. दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) पासून ही जोडी सुरू झाली. ‘राम’ म्हणजे सुरेंद्र पुढच्याच वर्षी गेले. पण लक्ष्मण यांनी जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत पुढेच ठेवलं. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) वर आपण सगळे नाचलो, ते याच राम-लक्ष्मणच्या नावावर. २०२१ मध्ये नागपुरातच त्यांचं निधन झालं. ‘पांडू हवालदार’ची रेकॉर्ड हातात आली, तर हे सगळं त्या लेबलवरच्या दोन शब्दांत आहे!

टीव्हीच्या रेकॉर्ड्स कुठे गेल्या?

रंगीत टीव्ही आला १९८२ मध्ये. ‘हम लोग’, ‘रामायण’, ‘महाभारत’ या सगळ्या मालिका त्यानंतरच्या. पण नेमक्या त्याच वर्षांत स्वस्त कॅसेटची लाट आली आणि रेकॉर्डचा बाजार बसला. टीव्ही घरात शिरला आणि रेकॉर्ड प्लेयर माळ्यावर गेला, असा हा योग. म्हणून मालिकांच्या संगीताच्या एलपी मोजक्याच आहेत. त्यातली सगळ्यांना हवी असलेली म्हणजे गुलजारच्या ‘मिर्झा गालिब’ची (१९८८), जगजीत-चित्रा सिंग यांच्या आवाजातली. नव्वदीच्या सुरुवातीला तर भारतात रेकॉर्ड काढणं जवळपास थांबलंच. त्यामुळे एक साधा नियम लक्षात ठेवा. १९८५ नंतरची एलपी दिसली, की थांबून नीट बघा. त्या वर्षांतल्या प्रतीच कमी.

तिकडे हिट, इकडे भंगार

आपण विसरलो, पण जग नाही विसरलं. २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाची सुरुवात होते ‘गुमनाम’च्या (१९६५) गाण्यावर. ब्रिटनीच्या ‘टॉक्सिक’मध्ये ‘एक दूजे के लिए’चे व्हायोलिन आहेत. ब्लॅक आइड पीजनी २००५ मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’ आणि ‘अपराध’मधले तुकडे उचलले. त्याच वर्षी क्रोनॉस क्वार्टेटने आशाताईंना घेऊन आर. डी. बर्मनचा आख्खा अल्बम केला. परदेशी डीजे आपल्या थ्रिलर सिनेमांच्या रेकॉर्ड्ससाठी चोर बाजार पालथा घालत होते, तेव्हा आपल्या घरी आई म्हणत होती, “कायले ठेवलं रे हे भंगार घरात? देऊन टाक ना!”

आणि दिलंही. खरी काळजी इथेच आहे. लाउडस्पीकरवाल्याचा मुलगा डीजे सिस्टिम घेतो, टॉकीज बंद पडते, जुना वाडा पाडून फ्लॅट होतात, आणि पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. ७८ ची रेकॉर्ड लाखेची. हातगाडीवरच्या एका हादऱ्यात तिचे तुकडे. सिनेमाची मूळ फिल्म तरी कुठेतरी असेलच, असं समजू नका. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या, त्यात प्रभातचा ठेवाही होता. काही सिनेमांचं आज जे काही उरलंय, ते एवढ्या तबकड्यांवरच. मोर्शीतल्या एखाद्या माळ्यावरची प्रत ही शेवटच्या काही प्रतींपैकी असू शकते.

सुदैवाने ही काळजी करणारी माणसं आहेत. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी अनेक वर्षं तिचं काम सांभाळलं. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे जुने अंक शिकागो विद्यापीठाने डिजिटल करून ठेवलेत. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी तर ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे जाडजूड खंड केले. हातात आलेली रेकॉर्ड कोणत्या सिनेमाची हे शोधायचं, तर पहिली धाव तिथेच. यांनी हे काम सुरू केलं, तेव्हा इंटरनेट नव्हतं. आपल्या हातात फोन आहे, कॅमेरा आहे. निदान लेबलचा फोटो काढून नोंद तरी ठेवूच शकतो ना?

सुरुवात करताय? मग हे वाचाच!

* आधी ओळख करा. जड आणि ठिसूळ ती ७८ ची, लाखेची. बहुतेक वेळा एका बाजूला एकच गाणं. लहान सात इंची ती ईपी, साधारण चार गाणी. मोठी बारा इंची ती एलपी.
* सुई बदला. ७८ ची खाच रुंद असते. एलपीच्या सुईने ती वाजवू नका, सुई आणि रेकॉर्ड दोन्हींची वाट लागेल.
* स्पिरिट वापरू नका! लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लागलं की लाख विरघळते. मऊ ओलसर कापड पुरे. लेबल कोरडंच ठेवा.
* उभ्या ठेवा. चळत रचली की खालच्या रेकॉर्ड्स वाकतात, तडकतात.
* ऊन टाळा. वऱ्हाडातला मे महिना आणि टिनाचं छप्पर म्हणजे एलपीचा पापड! पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, तेव्हा अधूनमधून हवा द्या.
* घेण्याआधी तिरक्या उजेडात बघा. बारीक रेषा चालतील, नखाला लागणारा ओरखडा नको. आतली रेकॉर्ड कव्हरचीच आहे ना, तेही तपासा. अदलाबदल फार!
* नवीन आणि जुनं वेगळं ओळखा. जुने अल्बम पुन्हा नव्याने निघू लागलेत. ऐकायला ते उत्तम, पण जुन्या प्रतीच्या भावात घेऊ नका.
* भाव करा, पण माणूस बघून. चोर बाजारात घासाघीस चालते. गावात कुणी काका पेटी उघडून दाखवतात, तेव्हा आधी चहा घ्या आणि त्यांच्या गोष्टी ऐका. कोणाच्या लग्नात कोणती रेकॉर्ड वाजली, हे कव्हरवर लिहिलेलं नसतं. ते टिपून ठेवा.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं. प्लेयर नाही, सुई नाही, शहरातल्या वन-बीएचकेमध्ये जागा नाही, ही सगळी कारणं नंतर. या वीकेंडला फक्त एक फोन करा. घरी, आबाजींना किंवा मोठ्या काकांना. विचारा, “माळ्यावरची ती पेटी अजून आहे का?” उत्तर ‘आहे’ असेल, तर एवढंच सांगा, की मी येईपर्यंत कोणाला देऊ नका.