चाळणीचा हुद्दा

पोळ्यांसाठी पीठ चाळताना चाळणीवर काय उरतं? थोडा कोंडा, सुतळीचा धागा, एखादी अळी. ते झटकून आपण कामाला लागतो. पण हीच चाळणी पिठाच्या कारखान्यात गेली की जाणती माणसं तिच्यावरून तासन्‌तास वाद घालतात. वाद एकच: हिला हुद्दा कोणता द्यायचा?

अन्नसुरक्षेच्या आराखड्यात प्रत्येक पायरीला हुद्दा असतो. झाडलोट, हात धुणं ही पायाभूत शिस्त. दुसऱ्या टोकाला 'सीसीपी', म्हणजे निर्णायक नियंत्रण बिंदू. इथे चूक झाली तर पुढे सावरणारं कुणी नाही. आयएसओ 22000 या मानकाने 2005 मध्ये या दोहोंच्या मध्ये 'ओपीआरपी' नावाचा आणखी एक हुद्दा घातला. आणि चाळणी? ती जागा बदलेल तसा हुद्दा बदलते.

गहू उतरवून घेताना काड्या-ढेकळं अडवणारी चाळणी साधी शिस्तीतली, कारण तिच्यापुढे अजून बरेच पहारे आहेत. दळणातली चाळणी रवा, मैदा आणि कोंडा वेगळे करते. तिचा संबंध दर्जाशी, सुरक्षेशी नाही. खरी गोम पोतं भरण्याआधीच्या शेवटच्या चाळणीत आहे. तिच्यानंतर मेटल डिटेक्टर असला तर धातूची काळजी मिटते. पण त्या यंत्राला काच दिसत नाही, खडा दिसत नाही. तिथे शेवटची राखणदार चाळणीच.

काचेचं उदाहरण उगाच घेतलं नाही. हुद्द्यांची ही सगळी पद्धत, म्हणजे 'हॅसॅप', 1960च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी आकाराला आली, आणि नासाबरोबर ती घडवणारी पिल्सबरी ही मुळात मिनियापोलिसची पिठाची कंपनी! 1971च्या सुमारास तिच्याच फॅरिनात, लहान मुलांच्या खाण्यातल्या रव्यात, काच निघाली. अंतराळासाठीची शिस्त मग जमिनीवरच्या पिठालाही लागू झाली.

आता आकडे बघा. अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन सर्वसाधारणपणे 7 ते 25 मिलिमीटरच्या कठीण किंवा टोकदार तुकड्याला धोकादायक मानतं. 30 मेशच्या चाळणीचं भोक साधारण 0.6 मिलिमीटरचं. म्हणजे जाळी शाबूत असेल तर असा खडा किंवा काच खाली जायची नाही. तार मात्र उभी राहून निसटू शकते. आणि साल्मोनेलासारखे जिवाणू? त्या एका भोकात ते शेदोनशे सहज शेजारी शेजारी मावतील. म्हणून बारीक चाळलेलं पीठसुद्धा कच्चं खाऊ नये.

चाळणीची सर्वांत मोठी विचित्र गोष्ट म्हणजे ती स्वतःच फाटते. जी तार परकी वस्तू अडवायची, तीच तुटून पिठात पडते. पहारेकरीच चोर! म्हणून तिच्यापुढे लोहचुंबक किंवा डिटेक्टर ठेवतात, आणि पाळीच्या आधी व नंतर जाळी तपासून नोंद करतात. फाटलेली सापडली, तर मागच्या चांगल्या तपासणीपासूनचा सगळा माल अडवून ठेवायचा.

वादाची गाठ इथेच आहे. 2018च्या सुधारित मानकानुसार सीसीपीची मर्यादा मोजता आली पाहिजे. ओपीआरपीला डोळ्यांनी पाहिलेलंही चालतं. जाळी फाटलेली आहे की नाही हे मोजायचं नसतं, बघायचं असतं. म्हणून मला ओपीआरपी हा हुद्दा अधिक प्रामाणिक वाटतो. कुणी सीसीपी म्हटलं तर भांडणार नाही, पण 'चाळणी आहे की, मग झालं' म्हणणाऱ्याशी भांडेन.

आज घरची चाळणी उजेडाकडे धरून बघा. मधली जाळी नको, जाळी आणि कडं जिथे जुळतात ती कड बघा.