ट्रेवरचा चिवट तपकिरी थर

नानकटाईचा ट्रे कितीही घासा, कोपऱ्यांत आणि कडेला तपकिरी थर राहतोच. घासणी झिजते, हात भरून येतात, थर ढिम्म! आपण त्याला जळकं तेल म्हणतो. पण ते आता तेल राहिलेलंच नसतं.

ओव्हनच्या उष्णतेत तेलाच्या रेणूंना हवेतला ऑक्सिजन मिळाला, की ते एकमेकांत गुंततात आणि त्यांचं सलग जाळं विणलं जातं. चित्रकाराचा जवसाच्या तेलातला रंग कॅनव्हासवर वाळतो तोही असाच. म्हणजे आपण ट्रेवर नकळत व्हार्निश चढवत असतो! त्यातही तेलाच्या थारोळ्यापेक्षा बारीक शिंतोडेच जास्त कडक होतात, कारण पातळ थरात ऑक्सिजन तळापर्यंत पोचतो. बिडाच्या तव्यावर हाच थर आपण मुद्दाम चढवतो आणि डोसा चिकटत नाही म्हणून तव्याचं कौतुक करतो. ट्रेवर आला की मात्र तो मळ.

भांड्यांचा साबण सुट्या तेलाला वेढून पाण्याबरोबर नेतो. जाळ्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. तिथे हवा धुण्याचा सोडा. त्याचं गरम पाणी तेलाच्या रेणूतले सांधे तोडतं आणि सुटलेल्या मेदाम्लांचा चक्क साबण होतो. मळातूनच साबण! मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीचा साबण कसा होतो याचा उलगडा १८२३च्या ग्रंथात केला. आपल्याकडे चुलीतल्या राखेने भांडी घासत, त्या राखेतही पोटॅशियम कार्बोनेट हा असाच क्षार असतो.

खायचा सोडा त्यामानाने मवाळ. पण तो पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर तापवला, तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचाच धुण्याचा सोडा होतो. त्यात व्हिनेगर ओतून फसफस पाहायची हौस मात्र टाळा. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, थर तसाच.

स्टीलचा ट्रे असेल तर कढत पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा. हातमोजे घाला. सकाळी थर मऊ झालेला असेल. एका भिजवणीत न निघाल्यास पुन्हा भिजवा. ॲल्युमिनियमच्या ट्रेला मात्र हा सोडा लावू नका. तो मळाबरोबर धातूही खातो, आणि ट्रे काळा पडतो.