ट्रॅक्टरच्या नियंत्रक पेटीचे पुनर्लेखन : अडचणी व उपाय

धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असाव्या, आकाशात ढग यावे, आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर वर्कशॉपात अडकून राहावा, याहून आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कास्तकारास मोठी अडचण ती कोणती? पूर्वी ट्रॅक्टर अडे तो बहुधा पंपामुळे किंवा गाळणीमुळे; दोष डोळ्यांस दिसे. हल्ली दोष पुष्कळदा दिसत नाही, व "प्रोग्रॅमिंग फसले, पेटी नवी घ्या" एवढेच उत्तर मिळते. या उत्तराची पारख कशी करावी, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारगाड्यांस भारत स्टेज-६ हे धुराचे मान लागू झाले, व १ जानेवारी २०२३ पासून सुमारे ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस ट्रेम-४ हे मान लागू झाले. ते पाळण्याकरिता अशा बहुतेक इंजिनांत डिझेल किती व केव्हा सोडावे, हे विजेवर चालणारी एक पेटी ठरविते. मिस्त्री तिला ईसीएम म्हणतात. तिच्या आतील आज्ञा पुसून नव्या लिहिणे, यासच प्रोग्रॅमिंग किंवा फ्लॅशिंग हे नाव आहे.

तलाठ्याच्या दप्तरात फेरफार प्रमाणित होईपर्यंत जुने नाव कायम राहते. या पेटीत बहुधा तसे नसते. जुने लेखन आधी पुसले जाते व मग नवे चढते. म्हणून मध्येच खंड पडला तर पेटीजवळ जुनेही राहत नाही व नवेही नाही. बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

प्रथम विचार हा की, पुनर्लेखन खरोखर हवे काय? तणशीजवळ उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात. चिखलणीचे पाणी जोडणीत शिरून ती गंजते. तार तुटलेली असता पेटी कितीही वेळा लिहिली तरी दोष जाणार नाही.

दुसरे, स्कॅनरला पेटी उत्तरच देत नसेल तर जोडणी तपासावी. मोटारगाड्यांतील १६ टोकांच्या जोडणीत १६ व्या टोकावर बॅटरीची वीज असते. ४ व ५ ही अर्थिंगची टोके होत. बॅटरी सोडवून ६ व १४ या टोकांमधील रोध मोजावा. तो सुमारे ६० ओहम भरला पाहिजे, कारण संदेशवाहिनीच्या दोन्ही शेवटांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. १२० भरल्यास एक बाजू तुटली आहे, व शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींस लागल्या आहेत, असे समजावे. काही ट्रॅक्टर व हार्वेस्टर यांस ९ टोकांची गोल जोडणी असते. तेथे कंपनीचा नकाशा पाहावा.

तिसरे, पेटी फाइल नाकारीत असेल तर पेटीवरील क्रमांक व फाइलीचा क्रमांक ताडून पाहावे. नाव तेच असले तरी साल किंवा अश्वशक्ती बदलताच फाइल बदलते. चुकीच्या गटावर नोंद केल्यासारखाच हा प्रकार होय. जबरदस्तीने लिहू नये.

चौथे, काम मध्येच थांबणे. याचे नेहमीचे कारण विजेचा दाब उतरणे हे आहे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. परंतु इंजिन बंद व चावी चालू ठेवून काम करताना ती उतरत जाते. यास्तव दाब स्थिर ठेवणारे उपकरण लावावे. साध्या चार्जरची वीज लहरते, म्हणून तो चालत नाही. दिवे व पंखे बंद ठेवावे. खेडेगावी वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने उपकरणास व लॅपटॉपला इन्व्हर्टरचा आधार असावा. लॅपटॉप आपोआप झोपणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि बिनतारी जोडणीपेक्षा केबल पसंत करावी.

तरीही काम थांबलेच, तर घाईने चावी बंद करू नये व बॅटरी सोडवू नये. दाब सुधारून पडद्यावरील सूचनेप्रमाणे पुन्हा आरंभ करावा. बहुतेक पेट्यांत लेखन स्वीकारणारा एक छोटा भाग वेगळा राखलेला असतो व तो पुसला जात नाही. म्हणूनच एका अपयशावरून पेटी मेली असे ठरविणे योग्य नव्हे.

पाचवे, काम पुरे होऊनही इंजिन सुरू होत नसेल तर दोषांक वाचावे. पी ०६०२ म्हणजे प्रोग्रॅमिंगचा दोष; पी ०६०१ म्हणजे स्मरणातील बेरजेचा ताळा न जमणे; यू ०१०० म्हणजे इंजिनच्या पेटीशी संपर्क तुटणे. शेवटला दोषांक लेखनाच्या वेळी इतर पेट्यांत सहज नोंदला जातो. तो पुसून पुन्हा येतो काय ते पाहावे. पेटी नवी असल्यास चावीची ओळख व प्रत्येक इंजेक्टरचा संकेतांक तिच्यात भरावा लागतो. ते संकेतांक जुनी पेटी काढण्यापूर्वीच उतरून घ्यावे.

कास्तकाराने वर्कशॉपातून चार गोष्टी लिहून मागाव्या : फाइलीचा जुना क्रमांक, नवा क्रमांक, आधीचे व नंतरचे दोषांक, आणि कामाच्या वेळचा व्होल्टेज. चांगला मिस्त्री हे आनंदाने देईल. आणि नवी पेटी घेण्याचा प्रसंग आलाच, तर तो कशामुळे आला हे त्या कागदावरून कळेल.