शर्यतपटूला पैसे कोण देतं?

मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींतल्या शर्यतपटूची कमाई एकाच खिशातून येत नाही. संघ किंवा थेट मोटारसायकल कंपनी वर्षाची ठरावीक रक्कम देते. जिंकल्यास किंवा पहिल्या तिघांत आल्यास बोनस वेगळा. होर्गे मार्टिन प्रामाक संघाकडून धावायचा, पण त्याचा करार होता थेट डुकाटी कंपनीशी. हेल्मेट आणि चामडी सूटचे करार बहुधा खेळाडू स्वतः करतो. शर्यतपटू मार्क मार्केझच्या डोक्यावर शोएईचं हेल्मेट, अंगावर अल्पाइनस्टार्सचा सूट. सूटवरची कोणती जागा संघाची, कोणती खेळाडूची, हेही करारात ठरतं. पण पैसाच सगळं ठरवत नाही: होंडाशी 2024पर्यंतचा करार असताना मोठ्या मानधनावर पाणी सोडून मार्केझ वर्षभर आधीच ग्रेसिनी या छोट्या संघात गेला. मोटो2, मोटो3 या खालच्या गटांत मात्र काही तरुण प्रायोजक गाठून उलट संघालाच पैसे आणून देतात. हाडं मोडण्याचा धोका तेही पत्करतात. हा उघड अन्याय आहे.