कर्जाचे अस्तर

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात पर्वतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाण्याचा लोंढा दांडेकर पुलाकडच्या वस्तीत घुसला. शेकडो संसार उघड्यावर आले. चर्चा रंगली ती उंदीर-घुशींच्या बिळांची. पण भरावातली बिळे, झाडांची मुळे, झिरपणारे पाणी हे काही एका रात्रीत होत नाही. कालवा वर्षानुवर्षे खचतो आणि त्याकडे लक्ष द्यायला पैसा नसतो. मग एक दिवस दुरुस्तीसाठी मोठे कर्ज काढावे लागते.

मुठा कालवा एकोणिसाव्या शतकातला. सिंचनाची मोठी कामे कर्ज काढून करावीत, हे धोरण इंग्रज सरकारने १८६०च्या दशकात स्वीकारले. ज्यांच्या उत्पन्नातून व्याज सुटेल ती ‘उत्पादक’ कामे. दुष्काळापासून वाचवणारी ती ‘संरक्षक’. दख्खनच्या कालव्यांना व्याजाचे हे ओझे झेपले नाही, कारण पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी कालव्याचे पाणी मागतच नसे. अभियंते विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ठरावीक पट्ट्यांना पाणी बांधून देणारी ब्लॉक पद्धत आणली, ती पाण्याला कायमचे गिऱ्हाईक मिळावे म्हणूनही. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण बांधकाम भांडवली खात्यावर आणि रोजची देखभाल महसुली खर्चात, ही हिशेबाची शिस्त तिने पाळली होती.

पुढे पाणीपट्टी आणि देखभाल यांची फारकत झाली. वसुली तिजोरीत जमा होऊ लागली, दुरुस्तीचा पैसा अंदाजपत्रकात उरला तर मिळू लागला. त्याचे परिणाम कुठल्याही जुन्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या उपशाखेवर दिसतात. अस्तरीकरणाच्या फरश्या निखळलेल्या, सांध्यांतून बाभळी वर आलेल्या, गेटचा दांडा गंजून अडकलेला, म्हणून तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवलेले. आवर्तन सुटले की हेडचा, म्हणजे चारीच्या तोंडाकडचा ऊस भिजतो. टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचायच्या आत पाळी संपते. ज्याच्या शेतात पाणी आलेच नाही, त्याने पाणीपट्टी का भरावी? तो भरत नाही, वसुली घटते आणि पुढच्या वर्षी पोतीसुद्धा मिळत नाहीत.

कर्ज मिळत नाही असे मात्र नाही. १९९६मध्ये कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झाले आणि राज्याच्या हमीवर त्याने रोखे विकले. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाची मे २०००ची मुदत डोक्यावर होती, त्यामुळे सगळा भर नव्या धरणांवर राहिला. २०१६-१७मध्ये नाबार्डचा दीर्घकालीन सिंचन निधी आला. त्यातल्या ९९ प्रकल्पांपैकी २६ महाराष्ट्रातले, आणि उद्देश रखडलेली कामे पुरी करण्याचा. जुन्या चारीच्या दुरुस्तीला नारळ फोडायला कोणी येत नाही.

म्हणून २००५चा प्रयत्न मला मोलाचा वाटतो. त्या वर्षी जागतिक बँकेने महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्पासाठी ३२.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जुन्या कालव्यांची दुरुस्ती हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी दोन कायदे झाले: एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. योजना अशी होती: शेतकरी आणि अधिकाऱ्यांनी चारीची संयुक्त पाहणी करायची, दुरुस्ती करून ती पाणी वापर संस्थेच्या ताब्यात द्यायची, संस्थेने मोजून पाणी घ्यायचे आणि सभासदांचे दर स्वतः ठरवायचे. प्रकल्प २०१४मध्ये संपला. काँक्रीट लवकर होते, बिलही निघते. माणसे एकत्र यायला वेळ लागतो. अनेक संस्था कागदावरच राहिल्या.

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर क्रम उलटा होता. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास टेलच्या, म्हणजे पाण्यावाचून राहणाऱ्या शेतकऱ्यांपासून सुरुवात केली. आधी तीन संस्था झाल्या, मग इतर, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संघाकडे आला. जागतिक बँकेचे कर्ज येण्याच्या कितीतरी आधी तिथे पाणी मोजून घेण्याची आणि पाळी ठरवण्याची सवय रुजली होती.

दुरुस्तीसाठी सार्वजनिक कर्ज काढायला माझा विरोध नाही. पावसाच्या भरवशावरच्या शेतकऱ्याकडून शंभर वर्षांच्या कालव्याचा सगळा खर्च वसूल होणार नाही. पण कर्जाच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: त्या चारीच्या पाणीपट्टीचा ठरलेला वाटा दरवर्षी त्याच चारीवर खर्च होईल, आणि टेलच्या संस्थेने आपल्या मोजणीच्या जागी पाणी पोचल्याची सही केल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघणार नाही.